उत्तरं मीच देत होतो

“रुमेटॉइड आर्थ्रायटिस,” अमरावतीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवत सांगितलं. म्हणजे संधिवाताचा असा प्रकार, ज्यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उठते. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी त्यासाठीच असते, आणि माझ्या बायकोची, शोभाची, ती चांगलीच पॉझिटिव्ह आली होती.

डॉक्टरांनी तिला विचारलं, सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात? मी सांगितलं, दहा-पंधरा मिनिटं. झोप? मी म्हणालो, फर्स्ट क्लास. मन कसं राहतं? एकदम मजेत, मीच म्हणालो आणि वरून हसलोही. शोभा खाली फरशीकडे पाहत होती. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी कीव करणार नाही.

भातकुलीत माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. लोक पराटीचं, म्हणजे कपाशीचं, पान खिशात घालून आणतात, मी ते उलटं करून पाहतो आणि मावा की तुडतुडे ते सांगतो. पानाला काही विचारावं लागत नाही. तीस वर्षं हेच केल्यावर विचारायची सवय राहत नाही.

गोळी सुरू झाली, मेथोट्रेक्झेट. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांनी नीट ऐका: ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. मी कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल खूण केली. असल्या कामात मी पक्का.

तीन महिन्यांत बोटांची सूज उतरली. ईएसआर, म्हणजे अंगात सूज किती आहे याचा अंदाज देणारी तपासणी, तीही खाली आली. शोभा मात्र दिवसेंदिवस खचत गेली. शेजारी जाणं बंद, अर्धी भाकर खाऊन ताट सरकवायची, दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी म्हणायचो, गोळी गरम आहे, ताक पेत जा.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले की आकडे सुधारले, पण माणूस सुधारलेला दिसत नाही. अकोल्याच्या एका दवाखान्यात अभ्यास सुरू होता. जुनाट आजारात रोग्याच्या मनाचं काय होतं आणि गोळ्यांसोबत समुपदेशन दिलं तर फरक पडतो का, हे ते पाहत होते. कोणाला समुपदेशन मिळणार हे रँडमायझेशननं ठरणार, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, जाऊन तर पाहा.

बडनेऱ्याहून गाडीत बसलो आणि मी तिची तयारी करून घेतली. झोप बरी येते म्हणजो, भूक लागते म्हणजो. भलतंसलतं सांगितलं तर नाव कटेल अशी माझी समजूत. भरतीच्या मेडिकलला पोराला पढवतात तसं मी बायकोला पढवलं. काय म्हणावं अशा शहाण्याला!

अभ्यासाचं काम नाझिया मॅडम पाहत होत्या, अकोल्याच्याच. संमतीपत्र पुढे आलं तसा मी सवयीनं पेन उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून शोभाला दिला. तिच्या वाकड्या बोटांना सही करायला मिनिटभर लागलं, तेवढं त्या थांबल्या. मग मला म्हणाल्या, काका, तुम्ही बाहेर बसा.

“पस्तीस वर्षं झाली लग्नाले,” मी म्हणालो. “हिच्या मनातलं सारं मले पाठ आहे.”

“मग बाहेर बसायले काय हरकत आहे?” त्या म्हणाल्या.

मी तणतणत बाकावर जाऊन बसलो. मॅडमच्या कागदावर नऊच प्रश्न होते, दहा मिनिटांत उरकेल म्हणून चहाही घेतला नाही. पाऊण तास झाला. मग मॅडम बाहेर आल्या, माझ्याकडे न पाहता शेजारच्या खोलीत गेल्या आणि मनोविकारतज्ज्ञांना घेऊन परत आत गेल्या. मला वाटलं, झाली नापास.

शोभाची परवानगी घेऊन त्यांनी मला आत बोलावलं. मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, हे मेजर डिप्रेशन आहे, म्हणजे गंभीर नैराश्य. रेंगाळणाऱ्या आजारात ते पुष्कळांना होतं आणि त्यावर उपचार आहे. नववा प्रश्न असा होता, आपण मेलेलं बरं असं वाटतं का? शोभानं सांगितलं होतं, जवळजवळ रोज.

मग त्यांनी मला विचारलं, “घरात फवारणीची औषधं असतात का?”

तिच्या खाटेपासून दुकानातली औषधांची फळी दहा पावलांवर होती आणि ती मीच भरून ठेवली होती.

कसाबसा शोभाला म्हणालो, मले काहून नाई सांगतलं? ती रागावली नाही की रडली नाही.

“तुमी इचारलं कवा? दरवेळी तुमीच तं सांगत होते.”

आणखीही एक गोष्ट तिनं सांगितली. दुकानातलं माझं बोलणं तिला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. आलेल्या प्रत्येकाला मी सांगायचो, हिच्या हातून आता काई होत नाई. मी ते काळजीनं बोलायचो. तिनं त्याचा अर्थ लावला की आपण आता घरावर ओझं झालो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

अभ्यासाचा नियम असा की अशा रोग्याला चिठ्ठीत धरायचं नाही, आधी उपचार. म्हणजे शोभाचं नाव त्यात आलंच नाही. पण त्या नऊ प्रश्नांनी आणि मला बाहेर बसवणाऱ्या बाईंनी माझी बायको वाचवली, हे मी सगळ्यांना सांगतो.

त्याच संध्याकाळी भावाचा ट्रॅक्टर आणून फवारणीचा सगळा माल मोठ्या रस्त्यावरच्या गोदामात हलवला. कुलूप लावलं आणि किल्ली भावाकडे ठेवली. तुमच्या घरी असं काही असेल तर माझ्यासारखी कोणी सांगायची वाट पाहू नका.

नैराश्याची गोळी लागू पडायला दोन-चार आठवडे लागतात. पाचव्या दिवशी शोभा म्हणाली, काई फरक नाई. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून टिकलो. दर बुधवारी समुपदेशनाला अकोला. ती आत, मी बाकावर. सकाळी तिची बोटं दोन तास आखडलेली असतात हेही तेव्हाच कळलं. माझ्या दहा मिनिटांच्या भरवशावर तिचा डोस ठरला होता. तो अमरावतीच्या डॉक्टरांनी बदलला, आणि आता ती कणीक मळते. कधी दुखलं तर “आज तुमी मळा” म्हणते, मी मळतो, आणि ती नावं ठेवते.

सोबत जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. पिशवी धरा, रिपोर्ट तारखेनं लावा, पाण्याची बाटली घ्या, आणि रोग्याला विचारलेल्या प्रश्नाला त्यालाच उत्तर देऊ द्या. फार जड जातं. मी अजूनही तोंड उघडतो आणि मिटतो.

मागच्या महिन्यात अमरावतीच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, तो विचार अजून येतो का? मी घरी रोज विचारतो, ती “बरं आहे” म्हणते, पण ते खरं की माझं मन राखायला, हे मला कळत नाही. शोभानं वेळ घेतला. मी खुर्चीचा दांडा धरून गप्प बसलो.

“सव्वा महिना झाला, नाई आला,” ती म्हणाली. “पुढचं सांगता येत नाई.”

“आला तर कोणाला सांगाल?” डॉक्टरांनी विचारलं.

“यायले,” माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. “आता आयकतात ते.”