चुन्याची परीक्षा

पिंपळे गुरवच्या गोजाबाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. गवळ्याच्या दुधात ती बोट बुडवून बघे, सोनाराने दिलेला मणी दाताखाली धरून बघे. नवरा आबाजी गरीब स्वभावाचा. घरात शब्द चालायचा तो गोजाबाईचाच.

अशा बाईची लेक मंजुळा छप्पन साली पुण्याच्या कॉलेजात सायन्स शिकायला जाऊ लागली, तीही मामाने हट्ट धरला म्हणून. तिथे मुली बोटांवर मोजण्याइतक्या. वरच्या वर्गातलीने खालच्या वर्गातलीला सांभाळायचं, अशी रीत त्यांनीच आपापसांत पाडली होती. मंजुळेच्या वाट्याला आली देहूरोडची शालन. दर रविवारी ती घरी येऊन पडवीत शिकवत बसे. गोजाबाई जवळ गेली की दोघी गप्प. जेवायचा आग्रह केला तरी शालन थांबत नसे. फुकटात कोण कुणासाठी एवढी पायपीट करतं? हिचा एखादा बिनलग्नाचा भाऊ असणार आणि डोळा आपल्या पोरीवर असणार, अशी गोजाबाईची खात्रीच झाली.

त्यातच एका संध्याकाळी मंजुळेची बोटं पिवळी दिसली. गोजाबाईने तिचा हात उजेडात ओढला. हळद! पोरीचं गुपचूप लग्न लावलं की काय?

प्रयोग करताना हातावर अ‍ॅसिड सांडलं, असं मंजुळा परोपरीने सांगत होती. ऐकतंय कोण! हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरी कुंकू करणाऱ्या बाईला शिकवायला नको. तिने चंचीतला चुना काढून लेकीच्या बोटांवर चोळला. पिवळा रंग चांगला नारिंगी झाला. म्हणजे हळदच!

"उद्यापास्नं कॉलेज बंद," गोजाबाई म्हणाली. मंजुळा रडत राहिली. खरं बोलूनही ती खोटी ठरली होती.

रविवारी शालन आली, तशी गोजाबाईने तिला दारातच धरून नाही नाही ते सुनावलं. शालन आल्या पावली परत गेली. पुढच्या रविवारी मात्र ती पुन्हा हजर. पिशवीत कापसात गुंडाळलेली काचेची बाटली. आता करणीच करायला आली, असं गोजाबाईच्या मनात आलं.

"मावशी, हे तेच हातावर सांडलेलं अ‍ॅसिड. यातला थेंब मी माझ्या बोटाला लावते. मग तुम्ही चुना लावून बघा."

"तुझ्या न्हाई, माझ्या लाव."

थेंब पडला, चटका बसला. शालनने लगेच तांब्याभर पाणी ओतलं. बघता बघता बोट पिवळं झालं. गोजाबाईने त्यावर चुना चोळला. तोच नारिंगी रंग.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संशय इतक्या सहज थोडाच जातो?

"ह्यात तुला काय मिळतं गं?"

"पहिल्या वर्षी मी वर्गात एकटीच मुलगी होते, मावशी. हात भाजला तरी सांगायला कुणी नव्हतं. हिचं तसं होऊ नये."

गोजाबाई उठली. मग आत जाऊन तिने दोघींची ताटं वाढली, आणि त्या दिवशी शालनला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

सोमवारी मंजुळा कॉलेजला गेली. नदीवर धुणं धुताना शेजारच्या छबूबाईची नजर गोजाबाईच्या बोटावर खिळली.

"हळद कसली गं? घरात कार्य हाय व्हय?"

गोजाबाईने बोट लपवलं नाही.

"लेकीच्या कॉलेजची हाय," ती म्हणाली. "घासून न्हाई जात."