आबांच्या डोळ्याला ठिबक

माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, डावा डोळा काचबिंदूनं आधीच नेला होता. उजवा तेवढा शाबूत, आणि त्याच्या राखणीला मी. सकाळ-संध्याकाळ औषध घालायचं. पण मी काय साधं घालतोय? आबांना बाजेवर उताणं झोपवायचं, अभिषेकाच्या थाटात बाटली उंच धरायची आणि सोडायची धार! दोन थेंब डोळ्यात, दोन मिशांत. घशात कडू लागलं की आबा खूश. "पार आत उतरलं बघ!"

तरी नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर डोळ्यातला दाब होता तिथंच.

"असंच राहिलं तर हाही डोळा जाईल. औषध नेमानं घालता ना?"

आबा उखडले. "बाई, तुम्ही एक थेंब म्हणलात, आम्ही चार-चार घालून राहिलो!"

"घालून दाखवा."

मी भर दवाखान्यात अभिषेक करून दाखवला. बाईंनी हसू दाबलं. "आजोबा, डोळ्यात एका थेंबाचीसुद्धा पुरती जागा नसते. जास्तीचं गालावर सांडतं. शिवाय नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक मोरी असते, तिच्यातून औषध घशात उतरतं. कडू लागतं ते वाया गेलेलं."

आबा ताडकन उठून बसले. अर्धापुरात केळीच्या बागेतला पाट मोडून ठिबक बसवणारा, आणि पाटानं पाणी देणाऱ्या शेजाऱ्यांना बांधावर उभं करून झाडणारा हा माणूस!

"म्हणजे आम्ही डोळ्याला पाटानं पाणी देऊन राहिलो?"

"अगदी."

"आन् हे येडं पाटाचं दारं धरून उभं!"

त्या दिवसापासून बाईंनी दाखवलं तसं, खालची पापणी ओढून एकच थेंब. मग डोळा मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून दोन-तीन मिनिटं गप्प. बोट मात्र आबांचंच. माझ्यावर भरवसा न्हाई म्हणे.

पुढच्या खेपेला बाईंनी दाब मोजला. पुन्हा मोजला. "उतरला, आजोबा! असंच चालू ठेवा, डोळा टिकेल." मी टाळ्या वाजवल्या. बाहेर बसलेल्यांनीही कारण न विचारता वाजवल्या.

परतताना आबांनी मला गाडी बागेशी थांबवायला लावली आणि बांधावरून काठी रोखली. "तिसऱ्या ओळीत नळी फुटलीय. चिखल दिसंना व्हय तुला?"

दोन धड डोळे असून मला दिसला नव्हता. जाऊन पाहतो तर खरंच फवारा उडत होता.

"दाब बोटानं तिथं. मी जोड आणतो."

मी चिखलात वाकून नळी दाबून धरली. आबा निघाले, एकटेच, काठी खांद्यावर टाकून.