चुंबळ आणि चार नावं

आम्ही चौघे होतो. मी प्राणिशास्त्र शिकवणारा. दुसरा अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रविभागात, तिसरा वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारा डॉक्टर, चौथा वाणिज्यचा. चौघेही धुळ्यात, देवपुरात, हाकेच्या अंतरावर राहणारे. सकाळी पांझरेच्या पुलापर्यंत चालत जायचं आणि येताना ठरलेल्या टपरीवर चहा घ्यायचा, हा आमचा नेम. 'बहुविद्याशाखीय संशोधन' हा शब्द वरून खाली आला तेव्हा इतरांनी कपाळाला हात लावला. आम्ही त्याच टपरीवर दुसरा चहा मागवला. शाखा चार हव्या होत्या, आणि आम्ही चार होतोच.

ठरलं ते सोपं होतं. ज्याचा पेपर त्याचं नाव पहिलं, बाकी तिघांची मागे. पेपर एकाने लिहायचा, मोजला चौघांच्याही नावावर जायचा. त्यामुळे लेथला आयुष्यात कधी हात न लावलेला मी लेथच्या कंपनांवरचा लेखक आहे. राखेच्या विटांवर माझं लेखन आहे, एसटी चालकांच्या मधुमेहावर आहे, बचतगटांच्या पापडविक्रीवर आहे. आमच्या वाणिज्यवाल्याला बेडकाच्या अंगाला हात लावायची किळस, पण बेडकांवरच्या दोन पेपरांत तो आहे. आम्ही हसायचो. यात कुणाचं काय गेलं, असं आम्हाला खरोखर वाटायचं.

परिषदाही भरवायचो. एका दिवसाची परिषद, सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्रं. परिषदेच्या ग्रंथाचा संपादक मी. विज्ञान, अभियांत्रिकी, आरोग्य, व्यवसाय असे चार विभाग. एका वर्षी त्या चारही विभागांत केळीच केळी झाली. कुणी सालीच्या भुकटीने पाणी स्वच्छ केलं होतं. कुणी खोडाच्या धाग्याचा पुठ्ठा केला होता. केळ्याने मधुमेह वाढतो असं एकाने लिहिलं, आणि कच्च्या केळ्याच्या पिठाने तो आटोक्यात राहतो असं दुसऱ्याने. मी दोन्ही छापले, शेजारी शेजारी. पिकवण्याच्या खोल्यांच्या नफ्यावरही एक होता. ग्रंथ हातात घेऊन माझ्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी एक मुलगी मला म्हणाली,

"सर, यात केळीचं सगळं आहे. वाहणारा माणूस नाही."

ती यावलजवळच्या गावातली. माझ्याकडेच पीएच.डी.ला नाव नोंदवलेलं. तिचे वडील केळीचे घड वाहायचे. बागेत घड कापला की तो डोक्यावर घेऊन, ओल्या सऱ्यांतून, ट्रक उभा असेल तिथवर न्यायचा. दिवसभर. डोक्यावर चिंध्यांची चुंबळ. चीक कपड्यांवर पडला की डाग मरेपर्यंत जात नाही, म्हणून त्या कामाचा एक वेगळा सदरा असतो आणि तो सदरा बघून माणूस काय करतो ते गावाला कळतं. तिला त्या माणसांच्या मानेवर काम करायचं होतं. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला विषय आवडला नव्हता, पण त्यात आरोग्य होतं, आणि माझ्याकडच्या पीएच.डी.च्या विषयांत आरोग्य अजून नव्हतं.

तिच्याकडे उपकरणं नव्हती. कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला एक नट बांधलेला. त्याने ती मानेचा कल मोजायची. एका लांब वहीत माणसांची यादी, प्रत्येकाचं वय, वाहण्याची वर्षं, सकाळची मान, दुपारची मान, संध्याकाळची मान. चिकाच्या बोटांनी उलटलेली ती पानं काळी पडली होती.

मी एकदाच तिच्याबरोबर बागेत गेलो. मार्गदर्शक म्हणून फोटो हवा होता. मी बांधावर उभा राहिलो, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून. माणसं हसत होती.

"सर, आमच्या माना मोजून इले डिग्री भेटीन," एक बाई घड उतरवून ठेवत म्हणाली, "अन् आमाले काय भेटीन?"

"तुले नवी मान भेटीन," दुसरी म्हणाली. "जुनी जमा करा लागीन."

माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांना सगळे नाना म्हणायचे. ते हसले नाहीत. त्यांना पूर्ण मान वळवता येत नव्हती, म्हणून ते सगळ्या अंगानिशी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हसू द्या त्यांले. ते लिहून ठेवते ना, ते चांगलं हाये. आमचं कोणी लिहेल नाही."

वर्षभराने ती एक गोष्ट घेऊन आली. वहीतली काही माणसं इतरांपेक्षा कमी वाकलेली होती. ती कोण, हे तिने शोधलं. ती चिंध्यांऐवजी केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपटांची, म्हणजे सालपटांची, चुंबळ वापरणारी होती, आणि ती चुंबळ टाळूवर न ठेवता थोडी मागे ठेवणारी. दोन-तीन म्हाताऱ्यांची जुनी सवय होती ती, बाकीच्यांनी सोडून दिलेली. तिने वीसेक जणांना तशी चुंबळ वळून दिली, पुन्हा मोजलं, आणि फरक पडला. एवढंच. पण एवढं आमच्या चौघांपैकी कुणी आयुष्यात शोधलेलं नव्हतं. वही माझ्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "सर, बघून ठेवा. तुमच्याकडे राहू द्या, घरी उंदरं आहेत."

मी ते टपरीवर सांगितलं. बढाईने सांगितलं. यंत्रविभागवाला लगेच म्हणाला, याचा आराखडा काढता येईल, फोमचा. डॉक्टर म्हणाला, मणक्यांवर दोन परिच्छेद मी देतो. वाणिज्यवाला म्हणाला, बाजारपेठ मी लिहितो. विज्ञान, अभियांत्रिकी, आरोग्य, व्यवसाय. इतका चौकोनी पेपर आम्हाला कधी मिळाला नव्हता.

"तिचं नाव?" मी विचारलं. विचारलं हे खरं आहे. त्याचा मी पुढे बरीच वर्षं मनातल्या मनात आधार घेतला.

यंत्रविभागवाला शिरपूरकडचा. लाडात आला की अहिराणीत बोलायचा. "अरे भो," तो म्हणाला, "पाचवं नाव टाकं तं आपले काय राही? तिले पुढला पेपर दे ना. पोरगी तुन्हीच शे."

नावं वाढली की बढतीच्या गुणांतला प्रत्येकाचा वाटा घटतो, हा हिशोब आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. मी ग्लास खाली ठेवला आणि हो म्हणालो.

तिला मी स्टाफरूममध्ये सांगितलं. पुढच्या पेपरला तुझं नाव पहिलं, हा आपला पायाभूत पेपर आहे, वगैरे. तिने हातातला हजेरीपट मिटला. मग म्हणाली, "चालेल, सर." माझ्या मुलीच्या वयाची नव्हती ती, धाकट्या बहिणीच्या वयाची असेल. तिने ते 'चालेल' इतक्या सरळ म्हटलं की मला तिचा थोडा रागच आला.

पेपर छापून आला. त्यात वहीतला तक्ता जसाच्या तसा होता.

पुढचा पेपर कधी झाला नाही. तिने स्वतःजवळ उतरवून ठेवलेल्या आकड्यांवरून प्रबंध पूर्ण केला, सादर केला. मग तो संगणकावर तपासला गेला, दुसऱ्याचं काही उचललंय का ते बघायला. हे यंत्र बिचारं प्रामाणिक असतं. आधी काय छापलं गेलं आणि नंतर काय आलं, एवढंच त्याला कळतं. आधी आमचा पेपर होता. तिच्या प्रबंधाची मधली दोन प्रकरणं त्याने लाल रंगवून परत पाठवली. तक्ता लाल, चुंबळीचं वर्णन लाल, वीस माणसांची यादी लाल. तिच्या स्वतःच्या बापाची मान लाल.

समितीने मार्गदर्शकाकडून, म्हणजे माझ्याकडून, लेखी खुलासा मागवला. खुलासा खरं तर दोन ओळींचाच हवा होता. काम हिचं आहे. पेपर हिच्या वहीवरून आम्ही लिहिला आणि हिचं नाव गाळलं. या दोन ओळी आणि सोबत ती वही, एवढ्याने ती सुटली असती.

त्याच महिन्याच्या शेवटी माझी बढतीची मुलाखत होती. फाइलमध्ये तो पेपर सगळ्यात वर लावलेला.

ती देवपूरच्या घरी आली. भर दुपारी, यावलहून जळगाव आणि जळगावहून धुळे असा प्रवास करून. पाणी दिलं ते तिने हातातच धरून ठेवलं.

"सर, वही तुमच्याकडे आहे ना?"

"असेल. शोधावी लागेल. मध्ये रंगकाम झालं घरात."

ती बसली होती त्या खुर्चीच्या मागेच कपाट होतं. वही खालच्या कप्प्यात होती.

"सर, पत्रात फक्त खरं काय ते लिहा. मी बाकी काही म्हणणार नाही. तुमच्याविरुद्ध तर नाहीच."

"अगं, मी तुझ्या पाठीशी आहे," मी म्हणालो. "नीट शब्दांत लिहावं लागतं हे. घाई करून चालत नाही."

नीट शब्दांत लिहिलं. मी लिहिलं की विद्यार्थिनी कष्टाळू आहे. मार्गदर्शकाचं संशोधनसाहित्य तिला वेळोवेळी उपलब्ध होतं. त्यातून अनवधानाने साम्य आलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पत्र डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, छान, कुणालाच लागत नाही. ते लागलं. समितीने त्याचा अर्थ घ्यायचा तोच घेतला. प्रबंध नाकारला गेला. पुढच्या वर्षी तिला आमच्याकडे तासिकाही मिळाल्या नाहीत, आणि त्या न देणाऱ्या बैठकीत मी हजर होतो. मी काही बोललो नाही. बढती मला मिळाली होती. टपरीवर पेढे मीच वाटले.

आमची चौकडी आता तशी राहिली नाही. वाणिज्यवाला मुलाकडे पुण्याला गेला. फोमची चुंबळ कागदावरच राहिली. मी मात्र मोठा झालो. आता संशोधनातल्या प्रामाणिकपणावर नव्या प्राध्यापकांना व्याख्यान द्यायला मला बोलावतात. मी जातो. गेल्या हिवाळ्यात असंच एक व्याख्यान जळगावला होतं. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याआधी संयोजकाने माझी ओळख करून देताना त्या पेपरचं शीर्षक मोठ्याने वाचलं, चारही नावांसकट. त्या रात्रीपासून नव्हे, त्या क्षणापासून मला अन्न गोड लागेना, असं लिहायचा मोह होतो, पण ते खोटं आहे. जेवण चांगलं होतं आणि मी जेवलो. एवढंच झालं की घरी आल्यावर खालचा कप्पा उघडला आणि वही बाहेर काढली. उंदरांपासून ती खरोखर सुरक्षित राहिली होती.

दोन आठवड्यांनी एका रविवारी ती पिशवीत घालून निघालो. जळगावला गाडी बदलली, तापीचा पूल ओलांडला, यावलच्या अलीकडे उतरलो. नाना ओट्यावर बसलेले होते. आता ते वाहायला जात नाहीत. मान डाव्या बाजूला गेली आहे आणि तिथेच थांबली आहे. मला बघायला त्यांनी आधी खांदे वळवले, मग कंबर.

"सर आले! अवं, सर आले!" ते घराकडे तोंड करून ओरडले. मला म्हणाले, "पोरीनं कधी सांगेल नाही तुमी येणार म्हून. बसा, बसा. तिची डिग्री अडकेल हाये म्हंते अजून. कधी होईन?"

घरात काय सांगितलं गेलं होतं ते मला तेव्हा कळलं. तिने माझं नाव घेतलं नव्हतं. अडकली आहे, एवढंच.

ती बाहेर आली. केळीच्या पॅकिंग शेडमध्ये वजनं लिहायचं काम करते. त्याच कामावरून नुकती आली होती, ओढणीला चिकाचे डाग. मी वही पुढे केली. तिने उभ्या उभ्या काही पानं उलटली. एका पानावर थांबून बोट ठेवलं, "ही मावशी गेली," म्हणाली. जुनी मान जमा करायला सांगणारी ती. मग वही मिटली.

"सर, हिचं आता मी काय करू?"

"तुझा पुरावा आहे हा."

"तेव्हा होता. आता दाखवली तर म्हणतील, तुमच्या पेपरवरून मागाहून लिहून काढली." ती चिडून बोलत नव्हती. वजन सांगावं तसं सांगत होती. "पत्र आणलंय का?"

मी रिकामी पिशवी चाळवली.

"तुम्ही वही आणली," ती म्हणाली. "वही द्यायला काही लागत नाही, सर. पत्र आणा, मग दोन्ही घेईन. पत्राबरोबर वही, म्हणजे वहीला किंमत येईल." आणि तिने ती माझ्या पिशवीत परत ठेवली. नाना आमच्याकडे पाहू शकत नव्हते. ते समोर बघत म्हणाले, "चहा घेऊन जाजा, सर."

मी चहा घेतला. नानांनी जाताना विचारलं, "मंग, होईन ना लवकर?" मी म्हणालो, "होईल." हे मी त्यांना तोंडावर म्हणालो, आणि त्यांना माझं तोंड दिसलं नाही.

परतीच्या गाडीत वही मांडीवर होती. घरी येऊन मी पत्राला बसलो. तीन वेळा बसलो. दर वेळी माझ्या हातून पुन्हा तेच नीट शब्द उतरतात, अनवधानाने, शक्यता, परिस्थिती. सरळ दोन ओळी लिहिल्या की त्यांच्याखाली सही करावी लागते, पूर्ण नाव, पद, विभाग, आणि पद लिहिताना हात थांबतो. हे पद त्याच पेपरवर उभं आहे.

वही आता खालच्या कप्प्यात नाही, टेबलावर आहे. तिच्याखाली एक कोरं लेटरहेड आहे. इतकी पानं मी इथे भरभरून लिहू शकलो, सगळं मान्य करू शकलो, याचं काही कौतुक वाटून घेऊ नये. इथे कुणाचंच नाव नाही. तिचंही पुन्हा एकदा नाहीच. आणि इथे सही लागत नाही.