नोलाचे गरम हात

आमचं ब्लफ पार दक्षिणेच्या टोकाला, इथं वारा थेट दक्षिण ध्रुवाकडून येतो. मध्ये नुसता समुद्र, त्याला अडवणार कोण? जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, गोठतात. अशा गावात मर्व डफीच्या घरचं विजेचं बिल सगळ्यांत कमी यायचं, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मर्वच सांगत फिरायचा. बिल आलं की चुंबकानं फ्रिजवर. कुणी घरी आलं की आधी बिल, मग चहा.

मर्वचं तत्त्व सोपं होतं. थंडी वाजते? स्वेटर घाल. अजून वाजते? दुसरा घाल. दुपारी चारला ऊन कललं की सगळे पडदे बंद, कारण ऊब बाहेर पळता कामा नये. खिडक्यांच्या काचांना पाणी मारून फुगेवालं प्लास्टिक चिकटवलेलं. दारांच्या फटींशी लांबलचक साप ठेवलेले. त्याच्याच जुन्या पँटींच्या पायांत वाळू भरून त्याच्या बायकोनं, नोलानं, ते शिवले होते. मागच्या तीन खोल्या मे महिन्यातच कुलूपबंद. कोळशाची चूल पेटायची संध्याकाळी पाचला, आणि झोपायच्या खोलीतला हीटर लागायचा निजण्याआधी पंधरा मिनिटं, घड्याळ लावून.

यातलं काही खोटं होतं असं नाही हं. पडदे, साप, प्लास्टिक, सगळं बरोबर. अर्धं गाव हे त्याच्याकडूनच शिकलं. फक्त फटी बुजवल्यावर आत काही तापवावंही लागतं, हे मर्वच्या गावीही नव्हतं.

शेजारचा कॉलिन तीस वर्षं त्याच्याबरोबर धक्क्यावर बोटींतला माल उतरवायला होता. तोंडाचा फटकळ माणूस. तो म्हणायचा, "मर्व, लोक घरात शिरताना कोट काढतात. तुझ्याकडे यायचं तर दुसरा उसना मागावा लागतो."

"तुझं बिल दाखव आधी."

"बिल काय थडग्यात पांघरणार आहेस? अरे, दात कोरून कधी पोट भरतं का?"

यावर मर्वकडे हुकमाचं पान असायचं. "नोला, इकडे ये गं. दे हात." आणि नोलाचे दोन्ही हात तो कॉलिनच्या हातात ठेवायचा. "बघ. गरम आहेत की नाही? ही बाई तुला गारठलेली वाटते?"

हात खरंच गरम असायचे. भाजलेल्या बटाट्यासारखे. एकदा क्लबात हिवाळ्याची काटकसर या विषयावर मर्वला बोलायला उभं केलं, तर शेवटी त्यानं नोलालाच पुढं बोलावलं आणि पहिल्या रांगेतल्या बायकांना तिचे हात धरून बघायला लावले. नोला हसत उभी होती. साठीतली बाई, लाजली, पण उभी राहिली.

मर्व वाईट नव्हता, कंजूषही नव्हता. कालवांचा हंगाम आला की पहिली डझनभर कालवं नोलाच्या ताटात. तो सहा वर्षांचा असताना धक्का बंद पडला होता आणि बापाची रोजी गेली. त्या हिवाळ्यात कंपनीनं घरची वीज कापली. आई मेणबत्तीच्या उजेडात रडायची ते त्यानं पाहिलं होतं. तेव्हापासून मीटरचं चाक फिरताना दिसलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. आता मीटरला चाक राहिलं नाही, गोळा राहिला.

नोला दुपारचं जेवण झालं की वाचनालयात जायची. रोज. येताना पिशवीत एक पुस्तक. मर्व दिवसभर बाहेर, लाकडं फोड, कुंपण दुरुस्त कर, अंगातून घाम निघालेला. पाचला दोघं घरी. दारातच तो तिचे हात हातात घ्यायचा, लग्नापासूनची सवय. "एवढं वाचून कुठं प्रोफेसर होणार आहेस?" म्हणायचा, आणि चूल पेटवायला वाकायचा.

यंदा ती अठ्ठ्याहत्तरची. जूनमध्ये तिला खोकला झाला. चार दिवस वाचनालयात गेली नाही.

"स्वेटर घाल," मर्व म्हणाला.

तिनं घातला. पाचव्या दिवशी सकाळी तिचे ओठ निळे दिसले. मर्वनं हात धरले तर गार. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

जवळच्या इन्व्हरकारगिल शहरातल्या दवाखान्यात दोन आठवडे गेले. न्यूमोनिया. वाचली. मग तिथल्याच एका वृद्धाश्रमात तिला ठेवलं, अंगात ताकद येईपर्यंत. घरी कधी पाठवायचं ते ठरवायला नर्स मर्वचं घर बघायला आली, मेरेआना नावाची. उंच, शांत बाई. बूट दारात काढले आणि दोनच मिनिटांत परत घातले.

खिशातून तिनं तापमापक काढला, पलंगाशेजारी ठेवला. कपाट पुढं ओढलं. मागची भिंत बुरशीनं काळी.

"मर्व, हे बघा. नऊ अंश."

"नऊ म्हणजे काय वाईट? आम्ही याच घरात..."

"तुम्ही. त्यांची फुप्फुसं नाही टिकणार." ती रागावली नव्हती, तेच मर्वला जास्त लागलं. "अठरा पाहिजेत. दिवसा, रात्री, सारखे तीन आठवडे. हा तक्ता घ्या, सकाळ-संध्याकाळ लिहा. अठरा राहिले तर मी सही करते. नाही राहिले तर त्या इथं येणार नाहीत."

ती गेल्यावर मर्व शिव्या घालत घरभर फिरला. मग पलंगावर बसला. नोलाच्या उशीखाली हात गेला तर तिथं तीन गरम पाण्याच्या पिशव्या. रिकाम्या. एक त्याच्या माहितीतली. दोन नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉलिनच्या दारात उभा. "शिडी आहे?"

मग त्या दोन म्हाताऱ्यांनी जे केलं ते बघायला गल्ली जमायची. पत्र्याखालच्या पोकळीत लोकरीच्या जाड गाद्या अंथरल्या. आत मर्व रांगत, खाली कॉलिन शिडी धरून ओरडत, "वर मेलास तर तिथंच ठेवीन, छप्पर आणखी उबदार होईल!" जमिनीच्या फळ्यांखालीही तसंच. बुरशी घासून काढली, भिंत रंगवली. आणि सरकार हिवाळ्यात म्हाताऱ्यांना ऊब घ्यायला म्हणून जे जास्तीचे पैसे देतं, ते मर्वनं वर्षानुवर्षं अडीअडचणीला म्हणून बँकेत टाकले होते. ते काढून त्यानं भिंतीवर हीट पंप बसवला. बटण दाबलं. घरभर ऊब पसरली.

पहिल्या रात्री तो सदरा घालून झोपला. नुसता सदरा. झोप कुठली यायला! तापमापक बघायला तीनदा उठला. अठरा. अठरा. अठरा.

मधल्या काळात नोलाचं पुस्तक परत करायचं राहिलं होतं, म्हणून तो वाचनालयात गेला. काउंटरवर पॉलीन होती, वीस वर्षांपासूनची. "नोला कशी आहे? तिची खुर्ची रिकामी बघवत नाही हो."

"कुठली खुर्ची?"

पॉलीननं बोट दाखवलं. उत्तरेच्या खिडकीत, उन्हाची, आणि हीटरला अगदी चिकटून. "एक वाजता येणार, पावणेपाचला उठणार. आधीआधी वाचायची. मागची चार-पाच वर्षं नुसती झोपायची बिचारी. आम्ही उठवायचो नाही. थंडीनं रात्री झोप लागत नाही म्हणाली होती एकदा." मग तिच्या लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय. "म्हणजे... म्हातारपणी होतं तसं."

मर्वनं पुस्तक काउंटरवर ठेवलं. बाहेर आला आणि गाडीत बसून राहिला. क्लबातल्या त्या पहिल्या रांगेतल्या बायका त्याला आठवल्या, एकेक करून. त्यांतल्या किती जणींना ठाऊक होतं, देव जाणे.

तीन आठवडे झाले. तक्त्यावर कुठंही अठराच्या खाली नाही. मेरेआना आली, या वेळी बूट काढून बसली, चहा घेतला, सही केली. त्याच आठवड्यात बिलही आलं. मर्वनं जीव मुठीत धरून फोडलं. आधीच्यापेक्षा थोडंसं जास्त. थोडंसंच! छपराला आणि जमिनीला गाद्या घातल्यावर ऊब घरातच राहत होती. इतक्या वर्षांची थंडी त्यानं एवढेसे पैसे वाचवून विकत घेतली होती. ते बिल त्यानं फ्रिजवर लावलं नाही.

तक्ता घडी करून छातीच्या खिशात ठेवला, न्हावी गाठला, आणि निघाला बायकोला आणायला.

नोला खिडकीपाशी पातळ ब्लाउज घालून बसली होती. इतक्या वर्षांत त्यानं तिला जुलैत स्वेटरशिवाय पाहिलं नव्हतं. तिचे दंड किती बारीक झालेत हे त्याला आज कळलं.

"अठरा झाले, नोला. एकवीस दिवस. हे बघ, सही पण आहे. चल."

तिनं तक्ता वाचला, सगळा, ओळ न् ओळ. गुडघ्यावर ठेवून हातानं सरळ केला.

"किती छान लिहिलंयस रे," ती म्हणाली. "मर्व, मी येत नाही."

"म्हणजे आज नाही?"

"नाही म्हणजे नाही. राहू दे मला इथं."

"अगं, पण घर आता..."

"ठाऊक आहे. तू बोलशील ते खरं करशील. पण मी पंपाचं बटण दाबलं की तू भिंतीकडे बघशील. बोलणार काही नाहीस. बघशील. आणि मग मी बंद करीन. मी ओळखते ना मला."

"नाही बघणार! शपथ घेऊ? हवं तर डोळे बांधून बसतो!"

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तुझा राग नाही रे. पण मी दमले. इथं मी रात्री पाय लांब करून झोपते, मर्व. किती वर्षांनी. सकाळी उठले की पाय माझे मला सापडतात."

"सांगायचं तरी होतंस." त्याचा आवाज फाटला. "एकदा तरी तोंड उघडायचं होतंस, बये!"

"काय सांगणार? बिल आलं की तुझा चेहरा कसा व्हायचा. लहान पोरासारखा. तेवढा एक दिवस तुझ्या पोटात गोळा नसायचा. तो कुठं घालवू?"

मर्व रडला. धक्क्यावरचा माणूस, बाप गेला तेव्हा रडला नव्हता, तो त्या स्वच्छ खोलीत हुंदके देऊन रडला, आणि नोला त्याच्या नव्यानं कापलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग जेवणाची घंटा झाली आणि तो एकटाच गाडीकडे गेला.

घरी आल्यावर त्यानं हीट पंप बंद केला. तुम्ही म्हणाल, वेडा आहे का हा, आता तर बिलही परवडतं! कॉलिन तेच म्हणाला, जरा जास्त तिखट शब्दांत. पण तो पंप तिच्यासाठी लावलेला. एकट्यासाठी बटण दाबायला त्याचा हात उचलेना. एकदा उचलला होता. ऊब आली, पाठोपाठ रिकामी खुर्ची दिसली, त्यानं परत बंद केला.

रोज दुपारी दोनला तो तिच्याकडे जायचा. ती पहिल्यांदा त्याचे हात हातात घ्यायची, जसे तो घ्यायचा तसे.

"गार आहेत, मर्व."

"बाहेर वारा आहे."

दुसऱ्या दिवशी, "आजही गार. घर तापवतोस ना?"

"तापवतो गं. गाडीचा हीटर बिघडलाय."

तिसऱ्या दिवशी तिनं हात सोडलेच नाहीत. बराच वेळ चोळत बसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला एकट्याला जमत नाहीये. मला यावं लागणार. मेरेआनाला सांगते तसं, सोमवारी."

आता बघा. याच शब्दांसाठी त्यानं छपराखाली गुडघे सोलवटून घेतले होते. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण तिचा चेहरा त्यानं पाहिला. यायची इच्छा त्यावर औषधाला नव्हती. नवऱ्याचे हात गार आहेत म्हणून ती पुन्हा पाय पोटाशी घ्यायला निघाली होती.

"काही नको," तो म्हणाला. "उद्या बघ, गरम असतील."

दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास लवकर आला. तिच्या खोलीबाहेर बोळात भिंतीला लांबट हीटर आहे. त्यावर त्यानं दोन्ही पंजे टेकवले आणि उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्या बघत होत्या. एक म्हणाली, "आत जा की, आत जास्त ऊब आहे." तो म्हणाला, "जातो, जातो." तळवे चटके बसेपर्यंत तापले तेव्हा आत गेला, पावलं भराभर टाकत, वाटेत निवू नयेत म्हणून.

"बघ," म्हणाला, आणि हात पुढं केले.

नोलानं ते घेतले. तळव्यावर तळवा ठेवला, जराशानं मान हलवली. मर्वच्या जिवात जीव आला.

मग तिनं त्याचे हात उलटे केले. वरच्या बाजूनं अंगठा फिरवला, सावकाश, एकदा या हातावर, एकदा त्या.

"मागची बाजू राहिली रे," ती म्हणाली. "मी दोन्ही बाजू शेकायचे."