जावेची सुट्टी, माझं माहेर

माझ्या फ्रिजच्या दारावर चार देश आहेत. थायलंडचा हत्ती, दुबईचा उंट, सिंगापूरचा सिंह आणि बालीचं कसलंसं देऊळ. चारही मॅग्नेट माझ्या धाकट्या जावेने आणलेली. दर डिसेंबरात ती, माझा दीर आणि त्यांची दोन मुलं विमानात बसायची. जानेवारीत आमच्याकडे अंबरनाथला तिळगूळ द्यायला आली, की पर्समधून एक प्राणी काढून माझ्या हातावर ठेवायची. किती गोड आहे गं, असं मी म्हणायचे. ती जिना उतरली, की त्या उंटाखाली विजेचं बिल अडकवायचे.

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. ती ठाण्याला टॉवरमध्ये राहते, लॅपटॉपवर नोकरी करते. आम्ही अंबरनाथच्या बुवापाड्यात दोन खोल्यांत. नवरा कारखान्यात, मी एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. आमची सुट्टी म्हणजे माझं माहेर. बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याने आत गेलं की एक गाव लागतं, तिथे आई आणि भाऊ राहतात. दोन म्हशी, थोडी भाताची जमीन, भात निघाला की त्याच ओलीवर वाल. स्कूटीवरून पाऊण तास. पण तिथे पाय ठेवला की मी कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही. आई डोक्याला तेल लावते आणि मी गुडघ्यात मान घालून बसते. बालीत हे मिळत नाही, असं मी स्वतःला दर जानेवारीत सांगायचे.

मग कोरोना आला आणि विमानं बंद झाली. जगावर एवढं संकट कोसळलेलं, आणि मी मनात म्हणत होते, बघू या आता या वर्षी कुठला प्राणी येतो ते. माणसाचं मन किती कोतं असतं हे कळायला माझ्याकडे दुसरीकडे बघायची गरज नव्हती.

पण विमानांबरोबर माझं माहेरही बंद झालं. आमची कंपनी औषधांची, तिला टाळं कसं लागणार? कंपनीच्या बसने रोज कामावर जायचं, शेजारची बाई शिंकली की रात्रभर झोप नाही. आईला दमा. म्हणून मीच ठरवलं, ही साथ जाईपर्यंत माहेरी जायचं नाही. गणपतीच्या आधी एकदा तिचे दम्याचे पंप आणि गोळ्या द्यायला गेले होते. गावाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. मी पिशवी रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर ठेवली आणि मागे सरले. आई पलीकडे तोंडाला पदर लावून उभी. जेवलीस का, एवढंच तिने विचारलं. बदलापूर येईपर्यंत मी हेल्मेटच्या आत रडत होते.

डिसेंबर उजाडला आणि जावेचा फोन आला. नऊ महिने मुलं चार भिंतींत आहेत, परदेश बंद, गोव्याला गर्दी, हॉटेलात राहायची भीती, काय करावं कळत नाही, असं ती सांगत होती. फोन स्पीकरवर होता. माझा नवरा जेवता जेवता म्हणाला, "हॉटेल कशाला पाहिजे? हिचं माहेर आहे की. मोकळी हवा, नदी, शेत. जा आणि राहा."

शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसं त्याने माझं माहेर देऊन टाकलं. मी त्याच्याकडे बघत राहिले, तर तो भात मागत होता.

आई तरी नको म्हणेल असं वाटलं होतं. तीही म्हणाली, येऊ देत की, आपलीच माणसं आहेत. नाही म्हणायला माझ्याकडेही काही नव्हतं. चौघेही मार्चपासून घरात, निघण्याआधी टेस्ट करून रिपोर्ट घेतलेले. माझ्यापेक्षा ती आईला शंभर पटीने सुरक्षित होती, आणि तेच मला जास्त झोंबत होतं. जिच्या जिवासाठी मी नऊ महिने लांब राहिले, तिच्या ओसरीवर आता ही गाडीतून उतरणार होती.

नाताळ झाला आणि ते गेले. घरच्या ग्रुपवर फोटो सुरू झाले. जाऊ चुलीपुढे, जाऊ तांदळाची भाकरी थापतेय, मुलं म्हशीच्या पाठीवर. माझी मुलगी फोटो बघून म्हणाली, काकूची मुलं माझ्या आजीकडे, मग मी इथे का? ऑनलाइन शाळा आहे ना, असं मी म्हणाले. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. काकूची मुलं गोठ्यात बसून ऑनलाइन शाळा करत होती.

एके संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. जाऊ ओसरीच्या पायरीवर खाली बसलेली, मागे आई. आईचे दोन्ही हात तिच्या त्या कापलेल्या, रंगवलेल्या केसांत, आणि शेजारी तेलाची वाटी. तीच वाटी, काठाला पोचा आलेली. जाऊ डोळे मिटून म्हणाली, "ताई, आईंच्या हातात काय जादू आहे हो." मी हसले. घरची करते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा. कॉल बंद झाल्यावर मी इतकी भांडी आपटली, की खालच्या बाईने वर येऊन काय झालं म्हणून विचारलं.

तरी मी गप्प बसले असते. पण पुढे भोगी होती.

माझ्या माहेरी भोगीला पोपटी लावतात. मडक्याला आतून बांधावरच्या भांबुर्ड्याचा वासाचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, चार अंडी, आणि वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. हे सगळं कुणीही करावं, पण तोंड घरच्या लेकीने बंद करायचं, अशी आमची रीत. आजीच्या वेळी आत्या करायची, नंतर मी. लग्न झालं तरी मीच. म्हणून मी ठरवलं, टेस्ट करूनच लोक जातात ना, मग मीही करून घेते आणि भोगीला जाते. आईसाठी उल्हासनगरला कॅम्प एकमधून काळी साडी घेऊन ठेवली. दुकानदार म्हणाला, "ले जाओ बहनजी, मम्मी खूश हो जायेगी." मग आईला फोन केला.

आई म्हणाली, "संक्रांत होऊ दे गो बाय, मंग ये. त्यांना सांगितलाय संक्रांतीपत्तूर ऱ्हावा म्हणून. एका घरात एवढी मान्सा दिसली तर गाव बोलल."

त्याच रात्री जावेने ग्रुपवर लिहिलं, की भोगीला पोपटी शिकणार. खाली हसरे चेहरे टाकले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीच्या मागच्या भिंतीशी उभं राहून भावाला फोन लावला. सांगितलं, ठाण्याला त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर केस निघाली आहे, मला आत्ताच कळलं, आईला दमा आहे, तू बघ बाबा. एवढंच. तिसरा मजला कुठून सुचला मला माहीत नाही. भाऊ चार गोड शब्दांत त्यांना घरी पाठवेल, असा माझा हिशेब होता.

भाऊ साधा माणूस. तो थेट पोलीस पाटलांकडे गेला. संध्याकाळी गावची समिती तोंडाला रुमाल बांधून अंगणाबाहेर उभी राहिली आणि त्यांनी सांगितलं, की चौदा दिवस या घरातून कुणी बाहेर जायचं नाही आणि बाहेरच्याने आत यायचं नाही. फाटकाला दोरी बांधली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जावेला हाकलायला गेले आणि तिला माझ्या माहेरात चौदा दिवस कोंडून बसले. भोगी आणि संक्रांत दोन्ही त्या चौदा दिवसांत.

दोन दिवसांनी आईला फोन लावला. डेअरीवाल्याने आमचं दूध घ्यायचं बंद केलं होतं. आई म्हणाली, "म्हशीला काय सांगू, चौदा दिस दूध देव नको म्हणून?" तिला रागही आलेला नव्हता. मी कंपनीत डब्यांवर लेबलं लावत होते आणि डोळ्यांपुढे त्या दुधाच्या किटल्या दिसत होत्या.

पण पश्चात्तापाने हेवा जातो असं कुणाला वाटत असेल, तर ते खोटं आहे. त्या न विकलेल्या दुधाचं जाऊ लोणी काढायला शिकली, तूप कढवायला शिकली, खवा करायला शिकली. सगळ्याचे फोटो आले. भोगीच्या दिवशी मी सकाळपासून ग्रुप उघडून बघत होते. त्या दिवशी मात्र एकही फोटो नाही. मडकं नाही, जाळ नाही, काही नाही. मला वाईट वाटेल म्हणून लपवत असणार, असं मी धरलं. फोटो आला असता तरी एवढं लागलं नसतं.

दोरी सुटली तो रविवार होता. मी आदल्या दिवशी रिपोर्ट आणला होता. काळी साडी डिकीत टाकली, मुलीला मागे बसवलं आणि निघाले. अंगणात शिरले तर मुलं धावत आली. जाऊ गोठ्याकडून आली, आईचं जुनं लुगडं दुमडून कमरेला बांधलेलं. मुलगी आजीकडे पळाली आणि जाऊ मला म्हणाली, ताई, जरा इकडे या. पेंढ्याच्या उडवीमागे नेऊन तिने मास्क खाली केला.

"तुमचा फोन आला त्या दिवशी मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर कुणीच आजारी नव्हतं."

मी उडवीतून पेंढ्याची एक काडी ओढून काढली.

"आईंना मी सांगितलं, ताई म्हणतात ते खरं आहे. भाऊंनाही तेच सांगितलं."

"का?" मी विचारलं.

"तुम्ही खोट्या पडला असता," ती म्हणाली. "आणि मला राहायचं होतं. माझी आई गेली तेव्हा मी अकरावीत होते. सुट्टी लागली की सगळ्या जणी माहेरी जातात ना. आम्ही तिकिटं काढायचो."

तिला आई नाही हे मला बारा वर्षं माहीत होतं. लग्नात तिच्या बाजूने आईचा मान कुणाला द्यायचा यावरून घोळ झाला होता, तोही मला आठवत होता. पण हत्ती-उंट मोजताना मी ही गोष्ट कधी धरलीच नव्हती. मला लाज वाटली, खूप वाटली. आणि अगदी त्याच वेळी असंही वाटलं, की हिचं खोटंसुद्धा माझ्या खोट्यापेक्षा चांगलं निघालं. आता मला तिच्या चांगुलपणाचाही हेवा करायचा होता.

आईने हाक मारली. मी गेले तर तिने आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि केसांचा काय झाडू करून घेतलास म्हणून ओरडली. दहा महिन्यांनी तो हात लागला होता. मी मान खाली घातली ती पटकन वर केली नाही.

मग मला पडवीत मडकं दिसलं. कोरं, आत पाला नाही, बाहेर काजळी नाही.

"भोगीला लावली नाय?" मी विचारलं. तिथे गेलं की माझी बोली आपोआप बदलते.

आई म्हणाली, "तोंड कोन बंद करनार व्हता? तू नव्हतीस ना."

शेजारच्या टोपलीत शेंगा होत्या. निम्म्या जून झालेल्या, साल कडक. आईने त्या तशाच ठेवल्या होत्या. भावाने सांगितलं, की भोगीला जावेची मुलं पोपटीसाठी रडली, तर आईने त्यांना खवा दिला आणि म्हणाली, घरची लेक आल्यावर. जाऊही त्यांना समजावत होती. मी शेंगा निवडायला बसले.

दुपारी पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला जावेने बांधावरून खुडून आणला होता, मोठा ढीग. तिने शेंगा भरल्या, मीठ-ओवा टाकला, अंडी ठेवली, सगळं बरोबर. मग ती ओंजळभर पाला घेऊन मडक्याजवळ बसून राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिचे हात हिरवे झाले होते. आई काटक्या मोडत होती.

अर्धा पाला तिच्या हातात राहू द्यावा, असं माझ्या मनात आलं. दोघींनी मिळून तोंड बंद केलं असतं तर रीत काही मोडली नसती, आणि आईला बरंच वाटलं असतं. मी तिच्या ओंजळीतला सगळा पाला घेतला आणि एकटीनेच मडक्याचं तोंड कोंबून बंद केलं. पुढच्या भोगीला देईन, असं स्वतःला सांगितलं.

आता विमानं कधीचीच सुरू झाली आहेत. जाऊ डिसेंबरात कुठेही गेली तरी भोगीला माझ्या माहेरी येते, न चुकता, आणि बांधावरून पाला खुडून आणते. त्यानंतर चार भोग्या झाल्या. मी अजून दिलेला नाही.