सगळं बरं हाय, असं मीच लिहाले लावलं

बायांनो, आज माह्याच तोंडानं घोळ झाला.

मी दवाखान्यात आया हाय. आमच्या वार्डातल्या सिस्टरची आई तिकडं गावी, केनवडले, तापानं पडली हाय, अन् पोरीले सुट्टी भेटून नाही राह्यली.

सकाळी इन्चार्ज मॅडमनं सिस्टरले कागद देल्ला. कामात मन लागते का, काही तरास हाय का, खुणा करा. मॅडम म्हणे, वर नाव लिहा अन् माह्यासमोरच भरा. पोरगी पेन धरून नुसती बसली. मले वार्ड पुसाची घाई, मीच तिच्या कानात म्हटलं, "मांड ना माय, सगळं बरं हाय म्हून. खरं लिहून कोणाचं भलं झालं?"

तिनं तसंच लिहून देल्लं.

दुपारी ती सुट्टीचा अर्ज घेऊन गेली, त मॅडमनं तोच कागद काढला. "सकाळी काहीच तरास नव्हता, आता कायचा?"

पोरगी सुट्टीबिगर वापस आली अन् सलाईन लावाले लागली. मी म्हटलं, "रड तरी." ती म्हणे, "मावशी, पेशंट पाहून राह्यले."

मॅडमले खरं सांगतलं त माहं ठेक्यावरचं काम जाईन. म्हून मी चूप राह्यली, अन् ती अजून वार्डातच हाय.

तुमी गेल्या असत्या का मॅडमकडं? खरं सांगजा.