दिवसा न सांगितलेला सिनेमा

आमच्या कॉलनीत लोणच्याला मीठ किती घालावं हे विचारायला बायका दुसरीकडे जातात. सिनेमा कोणता पाहावा हे विचारायला मात्र माझ्याकडे येतात, आणि मग पस्तावतात. त्यांना हवं असतं काहीतरी हलकंफुलकं, जेवता जेवता बघता येईल असं. मी सुचवते तो सिनेमा कुठल्या तरी दूरच्या डोंगरातला असतो. त्यात दोन अबोल भाऊ सामाईक भिंत रंगवत बसतात आणि दोन तासांत दुसरं काही घडत नाही. नाहीतर मग थेट राक्षसच. चेटकिणी, सावल्या विकणारे, विहिरीतून हाका मारणारे, असलं सगळं. ऑफिसमधल्या एकाला मी म्हटलं होतं की हा मोठ्या माणसांसाठी आहे, मुलांना घेऊन बसू नका. त्याने दाराकडे बघून हळूच विचारलं, "म्हणजे मॅडम, तसला?" मी कपाळावर हात मारून घेतला. त्याला सांगितलं, बाबा रे, लहानांच्या गोष्टीतला राक्षस शेवटी मरतो, मोठ्यांच्या गोष्टीतला मरत नाही, त्याच्यासोबत राहावं लागतं, एवढाच फरक. तो बरं म्हणाला आणि घरी जाऊन त्याने क्रिकेट पाहिलं.

ही खोड मला मामाने लावली. मामा धुळ्याचा. आग्रा रोडला त्याचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. सुट्टी लागली की मी जळगावहून त्याच्याकडे जायचे. सिनेमा निवडायची त्याची एक रीत होती. तो पोस्टर बघायचा नाही, थिएटरचं सायकल स्टँड बघायचा. स्टँड भरलेलं असलं की पुढच्या थिएटरकडे. मी रडवेली व्हायचे, कारण माझ्या मैत्रिणींनी पाहिलेला सिनेमा नेमका तिथेच लागलेला असायचा. मामा म्हणायचा, "तठे गर्दी शे ना, मंग त्याले आपली काय गरज?" आणि जिथे चार सायकली एकमेकींना टेकून उभ्या असतील तिथे तो तिकीट काढायचा. दारावरचा माणूस माझ्याकडे बघून कां कूं करायला लागला की मामा सांगायचा, "मनी भाची शे. जाऊ द्या." माझी भाची म्हणजे जणू काही सरकारी ओळखपत्र होतं.

त्या रिकाम्या थिएटरांत आम्ही काय काय पाहिलं! कुणाला नावंही आठवणार नाहीत असे सिनेमे. निम्मे मला कळले नाहीत. काहींनी मी इतकी घाबरले की मामीच्या कुशीत शिरून झोपले. पण खरी गंमत सिनेमा सुटल्यावर असायची. आम्ही बाहेर यायचो तेव्हा दिवेलागण झालेली असायची. रसवंतीवर बसायचं, उसाचा रस समोर आला की मामा म्हणायचा, "हां, आते सांग." सोबत बसून पाहिलेला सिनेमा मी त्यालाच पहिल्यापासून सांगायचा. सांगितल्याशिवाय सिनेमा संपत नाही असं त्याचं म्हणणं होतं. मी सांगताना भलतंच काही घुसडलं तरी तो टोकायचा नाही. उलट म्हणायचा की हे मला दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला परत तोच सिनेमा सांगायची हुक्की आली की मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, "दिनमा गोठ सांगानी नही वं, मामा वाट भुलस!" आमच्याकडे हा जुना समज आहे. दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की सांगणाऱ्याचा मामा वाट चुकतो. आता कामं सोडून पोरं गोष्टीत रमू नयेत म्हणून कुणा शहाण्याने तो काढला असणार, हे मोठेपणी कळलं. मामा तर तेव्हाच हसायचा. "मी कसाले भुलसू? बठ्ठं गाव माले पाठ शे." आणि ते खरंच होतं. धुळ्यातली एकही गल्ली अशी नव्हती की मामा तिच्यातून दुसरीकडे निघू शकत नव्हता.

लग्न होऊन मी जळगावातच राहिले. रविवारी संध्याकाळी मामाचा फोन यायचा. नमस्कार नाही, तब्येत नाही, एकदम पहिलं वाक्य: "काय मंग जयगाववाली, काय देखं?" मग मी सांगायचे. मुलं लहान असताना सांगायला काही नसलं तर मनाने रचून सांगायचे, आणि त्याला ते कळायचं. पुढे फोन मोठे झाले. सिनेमे फोनवरच आले. मला वाटलं, बरं झालं, आता मामालाच बघता येतील. मी म्हणायला लागले, "मामा, सांगत नाही, लिंक पाठवते, तूच बघ." तो बरं म्हणायचा. लिंका तशाच पडून राहायच्या. मला जरा रागही यायचा की एवढं शोधून पाठवते आणि हा उघडतसुद्धा नाही. त्याला सिनेमा नको होता, माझं सांगणं हवं होतं, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. ते रविवार मी लिंका पाठवण्यात घालवले याचं मला आता फार वाईट वाटतं.

सांगायची माझी हौस मात्र तेव्हाही जोरात होती. ती मी गच्चीवर भागवायचे. उन्हाळ्यात आम्ही बायका मिळून ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, करतो. पहाटे घाटा शिजवायचा, आणि ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर हाताने थापून संपवायचं. हात घाट्यात, मान खाली. अशा वेळी मोबाईल बघता येत नाही, पण कान मोकळे असतात. त्या वर्षी मी त्यांना एका बाईचा सिनेमा सांगत होते. तिचा नवरा मरतो. मग रोज संध्याकाळी तो कुठल्या ना कुठल्या जनावराच्या रूपाने दाराशी येतो. कधी बोकड, कधी घुबड, कधी जखमी लांडगा. गाव त्या जनावरांना घाबरतं, पण ती बरोबर ओळखते. कारण उंबऱ्याशी आल्यावर तो क्षणभर थबकतो, माणूस असताना थबकायचा तसा. ती त्याला ताट लावते.

"माझा आला तर म्हैस होऊन येऊ दे बाई," एक जण म्हणाली. "जन्मभर नाही दिलं, निदान आता तरी दूध देईल." सगळ्या खिदळल्या.

आमच्या शेजारच्या अक्का मूळच्या धरणगावच्या. त्या तेवढ्या हसल्या नाहीत. थापता थापता म्हणाल्या, "सकायमा सकायमा गोठ नको सांगू वं. मामा वाट भुलस." मी म्हटलं, "अक्का, माझ्या मामाला सगळं धुळे पाठ आहे." आणि सिनेमा शेवटपर्यंत सांगितला. बिबडे छान झाले त्या वर्षी.

दिवाळीच्या आधी मामीचा फोन आला. मामा दूध आणायला गेला तो परतलाच नाही. दुपारी एका रिक्षावाल्याने त्याला पार नदीपलीकडच्या देवपुरातून आणून सोडलं. आपण कुठे राहतो ते त्याला सांगता येईना, खिशातल्या चष्म्याच्या पावतीवर पत्ता सापडला. मग दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल. मेंदूचं काय होतं ते त्यांनी मला चित्र काढून समजावलं. मला समजलंही. तरी परतताना बसमध्ये एरंडोल येईपर्यंत माझ्या मनात गच्चीच येत होती.

त्यानंतर मी वरचेवर धुळ्याला जायला लागले. सकाळची बस पकडली की दहाच्या सुमाराला घरी पोचता येतं. मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला असायचा, दाढी केलेली, स्वच्छ सदरा. मला बघून त्याचा चेहरा उजळायचा. "काय मंग जयगाववाली, काय देखं?"

पहिल्या वेळी मी उत्साहाने सुरू केलं. "मामा, एक बाई असते..." तेवढ्यात मामी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. ती रागावली नाही. नुसतं म्हणाली, "दिनमा नको वं माय." तिच्या डोळ्यांत मी ती देवपुरातली दुपार बघितली. नवरा हरवलेल्या बाईशी वाद कसा घालायचा? आणि खरं सांगायचं तर मलाही घालायचा नव्हता. राक्षसांचे सिनेमे सगळ्या जळगावला सुचवत फिरणारी मी एका म्हणीला घाबरले. "संध्याकाळी सांगते मामा," मी म्हटलं. तो म्हणाला, "बरं." आणि खरंच वाट बघत बसला.

संध्याकाळ झाली आणि मामा बदलला. दिवे लागले तसा तो उठबस करायला लागला, चपला शोधायला लागला. स्वतःच्याच घरात मामीला म्हणायला लागला की चल, आता घरी जाऊ, उशीर झाला. मी समोर बसून "एक बाई असते" म्हटलं, तर त्याने मला हाताने बाजूला केलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की अशा माणसांना दिवेलागणीला जास्त त्रास होतो, सकाळी ती बरी असतात. म्हणजे मामा ऐकू शकायचा तेव्हा मी सांगायचं नाही, आणि मी सांगायचे तेव्हा तो तिथे नसायचा. हे मला पहिल्याच खेपेला उमगलं होतं. तरी पुढच्या खेपेला मी तेच केलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. दर सकाळी तो विचारायचा, दर सकाळी मी म्हणायचे संध्याकाळी सांगते. हिवाळा असाच गेला. कुणी ऐकलं तर हसेल, पण मला अजून एकदा त्याला हरवायचं नव्हतं.

मग एका सकाळी मी पोचले, पाया पडले, शेजारी बसले, आणि मामाने काही विचारलंच नाही. माझ्याकडे बघून, अनोळखी माणसाला हसतो तसं, सभ्यपणे हसला. मी वाट बघितली. मामी दारात उभी होती, तीही वाट बघत होती. त्याने पेपर उघडून पुन्हा घडी घातली. मला इतकं रडू आलं की मी उठून न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आले.

परत आले तेव्हा मामी पदराने खुर्ची पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगी टाक आते. आते भुलानी कोनती वाट ऱ्हायनी?"

ऊन ओट्यावर चांगलं आलं होतं. समोर भाजीवाल्याची गाडी उभी होती, बायका मेथी निवडून घेत होत्या. मी सांगायला लागले. बाई, तिचा नवरा, बोकड, घुबड, लांडगा. मामा ऐकत होता, रसवंतीवर ऐकायचा तसाच, मान थोडी तिरकी करून. मी घाई केली नाही. शेवट सांगितला. बाई म्हातारी होते, तिची नजर जाते, आता दाराशी आलेला आपला की परका हे तिला ओळखू येत नाही. म्हणून ती येईल त्याला ताट लावते. कावळा आला तरी, वाटसरू आला तरी. मामीने डोळ्यांना पदर लावला.

मामाने हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "चांगली बाई शे." आणि माझ्याकडे वळून मोठ्या अदबीने विचारलं, "तुम्ही कोन गावन्या?"

"जळगावची," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला, पूर्वी मला बघून उजळायचा तितकाच. "जयगाव? मनी भाची शे तठे. तिले सांगा हाऊ सिनेमा. तिले आसाच आवडतस."

"सांगते," मी म्हटलं.

भाजीवाल्याची गाडी पुढे गेली. मामाने खुर्ची जराशी माझ्याकडे ओढली, मामीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली केला.

"पन दिनमा नका सांगज्यात," तो म्हणाला. "तिना मामा वाट भुली जाई."

मी बरं म्हटलं.